पॉइंट तीसची फट

"वहिनी, तो पाना आधी खाली ठेवा आणि बाहेर या बघू."

भावजी शेडच्या दारात उभे होते. हातात प्लॅस्टिकची फाइल, खिशाला निळं पेन आणि चेहऱ्यावर दवाखान्यात कुणाला भेटायला आल्यासारखी काळजी. आत त्यांची वहिनी गाडीच्या बॉनेटखाली कमरेत वाकली होती. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा पडू नये म्हणून त्याला मागून नाडी बांधलेली.

"पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर आहे," ती मान न वळवता म्हणाली. "आणि मी कशाला बाहेर येऊ? तुम्हीच आत या. फक्त त्या फडक्यावर पाय देऊ नका, त्यावर नट ठेवलेत."

"अहो, अकरा वाजता उस्ताद ट्रक घेऊन येतोय!"

"येऊ दे की. आत्ता आठच वाजतायत."

"पण तुम्ही तर इंजिन उघडून बसलात!"

"इंजिन कुठे उघडलं? नुसतं झाकण काढलंय. पातेल्यावरचं झाकण काढलं म्हणून काही स्वयंपाक सांडत नाही, भावजी."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्या या धाकट्या दिराला दुसऱ्यांच्या अडचणी सोडवण्याचा नाद लागला होता. एखाद्याला अडचण नसलीच, तर ते ती आधी तयार करून देत. मोठा भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. वहिनीने आता एकटं राहू नये, लेकीकडे जावं, घर भाड्याने द्यावं, शेड मोकळी करावी, असं सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेड मोकळी करायची म्हणजे तिच्यातली लाल स्पोर्ट्स कार काढायची. दोन सीटांची, कापडी छपराची, वयाने लेकीहूनही मोठी. उस्तादने, म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकने, मागच्या आठवड्यात गाडी पाहिली आणि मान हलवली. इंजिन बसलं, रिंगा गेल्या, आता सुटे भाग करूनच विकावी लागेल. ते काम तोच करणार होता. विक्रीच्या फॉर्मवर वारसांच्या दोन सह्या लागत होत्या. लेकीची काल रात्रीच झाली होती. हिची राहिली होती.

"तेवढी सही करून टाका, म्हणजे मी मोकळा," भावजी म्हणाले.

"करायची असेल तर करेन. आधी मला मापं घेऊ दे."

"कसली मापं?"

"आठ आहेत. एकतीस वर्षं घ्यायची राहिलीत."

भावजींना काही कळलं नाही. ते फाइल घेऊन घरात गेले आणि पुतणीला म्हणाले, "बघ बाई, तुझ्या आईच्या डोक्यात काय शिरलंय ते."

तिच्या डोक्यात काय होतं ते कारखान्यातल्या कुणीही सांगितलं असतं. पंपाच्या कारखान्यात ती तेहतीस वर्षं गेज रूममध्ये होती. कामगार ज्या गेजने माल मोजत, ती गेज झिजली आहेत की नाहीत हे मोजण्याचं तिचं काम. मोजायचं, कार्डावर आकडा लिहायचा, खाली सही करायची. तिने "बाद" असं लिहिलं की ते गेज भंगारात. एकदा एका साहेबाने फार गळ घातली होती, "बाई, केसाच्या शंभराव्या भागाचा फरक आहे, जाऊ द्या ना." तिने पेन त्याच्या पुढे केलं. "तुम्ही करा सही. माझी नाही होणार." साहेबाने सही केली नाही आणि गेज भंगारात गेलं. तेव्हापासून सगळे तिला गेजबाई म्हणत, थोड्या धाकाने आणि बऱ्याचशा मायेने.

घरी मात्र गेजबाईचं काम एकच. टॉर्च धरणं.

नवरा छापखान्यात होता. दिवसभर मशिनांच्या खडखडाटात काढून आल्यावर त्याला घरात आवाज सहन होत नसे. दाराच्या बिजागऱ्यांना तो महिन्याच्या महिन्याला तेल घाली, खुर्च्यांच्या पायांना रबर लावी, पोरगी गुणगुणायला लागली की नुसता तिच्याकडे बघे. वाईट माणूस नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी वाकडा शब्द नाही. फक्त सगळं गप्प हवं. गाडीही. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबणारे तुकडे, वाजता कामा नयेत म्हणून तो वर्षातून दोनदा हे झाकण काढी, उस्तादने शिकवल्याप्रमाणे कान लावी आणि टकटक पूर्ण थांबेपर्यंत स्क्रू आवळत जाई. मग एका वहीत तिरप्या, देखण्या अक्षरात नोंद करी: तारीख, किलोमीटर, फट, आवाज. आवाजाच्या रकान्यात नेहमी एकच शब्द असे: नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, हातात टॉर्च धरून, ती एकदाच म्हणाली होती, "अहो, पुस्तकात फट पॉइंट तीस मिलिमीटर दिलीय. तुम्ही फारच घट्ट करताय."

त्या दिवशी चार मित्र जमले होते, उस्तादही होता. नवरा हसून म्हणाला, "हिच्या कारखान्यात पंप बनतात. पंपाला माप लागतं. याला कान लागतो." सगळे हसले. उस्ताद सगळ्यांत मोठ्याने हसला. कारखान्यात साहेबापुढे पेन सरकवणारी बाई तिथे मूग गिळून उभी राहिली, टॉर्च जरा डावीकडे करत. त्यानंतर तिने त्या विषयावर ब्र काढला नाही, आणि आज तिला राग नवऱ्याचा जेवढा येत होता, त्याहून जास्त स्वतःचा येत होता.

लेक चहाचे दोन कप घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, तू खरंच हे करतेयस?"

"बरी आलीस. कप तिकडे ठेव आणि मागे जाऊन उभी राहा. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकलीय, प्लग काढलेत. मी म्हटलं की बोटभर पुढे ढकलायची. त्याने इंजिन हळूच फिरतं."

"मला ही गाडी आवडत नाही. तुला माहितेय."

"ढकलायला आवडायला कशाला पाहिजे?"

लेक हसली नाही. ती एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलवायची, त्यामुळे ढकलण्याचं तिला काही नवीन नव्हतं. पण हात मागच्या पत्र्यावर ठेवून ती बोलायची थांबेना.

"दर रविवारी तुम्ही दोघं यात बसून जायचात, आणि मी शेजारच्या काकूंच्या खिडकीत. दोनच सीटा म्हणे. माणसाला मूल झालं की माणूस गाडी बदलतो, आई. बाबांनी शेजार शोधला."

गेजबाईने डोकं बाहेर काढलं. काहीतरी समजूत घालणारं बोलावं असं तिला वाटलं, पण ते तिने टाळलं.

"चुकलंच ते," ती म्हणाली. "मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की मी येत नाही, पोरीला न्या. म्हटलं नाही. मलाही आवडायचं गं जायला."

आईच्या तोंडून लेकीने 'चुकलं' हा शब्द कधी ऐकला नव्हता. मग तिने ओढणी कमरेला खोचली. "सांग. किती ढकलू?"

कपाटातून काढलेली डबी गेजबाईने उघडली. तिच्या निरोपाच्या दिवशी कामगारांनी दिलेला फीलर गेज. पोलादाची पातळ पानं, एकाखाली एक, प्रत्येकावर त्याच्या जाडीचा आकडा. तीन वर्षं डबी तशीच पडून होती.

"बेरीज नऊ, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली. "हे बघ, आठ वाल्व आहेत, म्हणजे झडपा. पुढून मागे, एक ते आठ. जो पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नवातून वजा करायचा. जो उरेल तो त्या वेळी अगदी मोकळा असतो. त्याच्यात आणि दाबणाऱ्या टोकात राहिलेली फट मोजायची."

"म्हणजे तीन दाबला की सहा?"

"शहाणी आहेस. ढकल."

गाडी बोटभर सरकली. आठपैकी एक टोक खाली गेलं, दुसरं वर आलं. "बस!" गेजबाई ओरडली. "आता त्या खोक्यावर लिही. आधी जसं सापडलं तसं लिहायचं, मग हात लावायचा. हा आमच्या गेज रूमचा नियम. नाहीतर नंतर माणूस म्हणतो, आधी ठीकच होतं."

पहिल्याची फट पॉइंट दहा निघाली. तिसऱ्याची पॉइंट बारा. दुसऱ्यात पॉइंट आठचं पान कसंबसं गेलं. हवी होती सगळीकडे पॉइंट तीस. सातव्यापाशी आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटले होते. आणि आठव्यात तिच्याकडचं सगळ्यात पातळ, पॉइंट पाचचं पान, टोकसुद्धा आत घालेना.

"काय लिहू?" लेकीने विचारलं.

"लिही, फट नाही."

"मग आवाज येत नाही ते चांगलंच ना?"

"लोखंड तापलं की वाढतं. वाढायला जागा म्हणून ही फट ठेवायची. जागाच नसली तर इंजिन तापल्यावर वाल्व पूर्ण बंद होत नाही, अर्धवट उघडा राहतो. दम तिथून निघून जातो आणि जळती हवा त्याच्या कडा खात राहते."

लेक खोक्यावरच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "गुडघ्याचं असंच असतं. आतली फट गेली की हाडावर हाड घासतं. लोक म्हणतात वय झालं, आता बसून राहा."

"उस्तादही तेच म्हणाला गाडीला."

आता दोघींचाही वेग वाढला. नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पान घालून ओढून बघायचं. हाताला थोडीशी ओढ लागली पाहिजे, बंद वहीतून कागद ओढावा तेवढीच. मग नट आवळायचा आणि पुन्हा पान घालून बघायचं, कारण नट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर केसभर फिरतो आणि फट खाऊन टाकतो. नवरा दुसऱ्यांदा कधीच बघत नसे. आवाज थांबला की त्याचं काम संपलं. गेजबाई दुसऱ्यांदा बघत होती आणि मनाला पटलं नाही तर तिसऱ्यांदाही.

सहा वाल्व झाले आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. साडेदहाच झाले होते. उस्ताद आत आला, भरगच्च अंगाचा, पिकलेल्या मिशांचा, शेडचं छप्पर हलवील अशा आवाजाचा. मागोमाग भावजी.

"ताई, हे काय आरंभलंत?" तो हसून म्हणाला. "टॅपेटनी काय होणारे? मी स्वतः प्रेशर लावून बघितलं. मागच्या दोन सिलिंडरला दमच नाही. रिंगा गेल्यात."

"बघितलं का, आठव्याला फट किती होती ते?"

"फट बघायची कशाला? आवाज बंद म्हणजे सेटिंग बरोबर. मीच शिकवलं तुमच्या साहेबांना. चाळीस वर्षं या कानावर धंदा केलाय."

गेजबाई सरळ उभी राहिली. कंबर दुखत होती, पण तिने तिच्यावर हात ठेवला नाही. "कान शेवटचा तपासून कधी आणला होता, उस्ताद?"

"म्हणजे?"

"प्रत्येक गेज वर्षातून एकदा तपासावं लागतं. तुमच्या कानाचं कार्ड दाखवा. नसेल तर बाद."

लेकीला हसू फुटलं. उस्तादची मिशी थरथरली, रागाने की हसण्याने ते कळलं नाही. बाहेर ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

"वहिनी, लोक खोळंबलेत हो," भावजी काकुळतीला आले.

"खोळंबू देत. एकतीस वर्षं मी खोळंबलेय याच जागेवर." तिने फडक्यावरचा टॉर्च उचलला आणि भावजींच्या हातात दिला. "हा धरा. इकडे, सातव्यावर. जरा डावीकडे. अहो, लक्ष कुठंय तुमचं?"

आणि आयुष्यभर सगळ्यांना सल्ले देत आलेले भावजी काखेत फाइल धरून, निमूटपणे, जरा डावीकडे टॉर्च धरून उभे राहिले.

सातवा झाला. आठव्याचा नट जागचा हलेना. तिने त्यावर तेल सोडलं, थांबली, पुन्हा जोर लावला, पाना सटकून बोटाचं साल निघालं. उस्ताद नकळत पुढे झाला, "द्या इकडे, मी..."

"तुम्ही नका." बोट तोंडात धरून ती थांबली. सगळ्यांना वाटत होतं की ती हट्टाला पेटलीय. तिला मात्र नेमकं ठाऊक होतं की हे सगळं पाण्यातही जाऊ शकतं. वाल्वची कड जळली असेल तर फट कितीही अचूक ठेवा, काही उपयोग नाही. नवऱ्याच्या आजारपणात गाडी दीड वर्ष उभीच होती, क्वचित पाच मिनिटं चालायची आणि तापली की बंद पडायची. फारशी चालली नाही, म्हणून वाल्व वाचला असेल तर वाचला असेल.

तिसऱ्या जोराला नट सुटला. तिने फट केली, मोजली, आवळला, मोजली, पुन्हा मोजली. मग झाकण बसवलं, बुचाची गॅस्केट सरळ आहे ना ते बोटाने चाचपलं, प्लग लावले आणि शर्टाला हात पुसत सगळ्यांकडे वळली.

"आता ऐका. इंजिन तापून पंधरा मिनिटं चाललं आणि गाडी पाण्याच्या टाकीचा चढ चढली, तर ती इथेच राहील. मीही इथेच राहीन आणि ती मी चालवीन. नाही चढली, तर सही करते. ट्रकमध्ये घाला. परत तोंड उघडणार नाही."

"आई, अशी अट कशाला घालतेस?" लेक एकदम म्हणाली. "गाडी तुझी आहे. घर तुझं आहे. चालो नाहीतर न चालो. मी त्या फॉर्मवर न वाचता सही केली, काकांनी पुढे केला म्हणून. ती सही मी मागे घेते."

भावजींनी चमकून तिच्याकडे बघितलं. टॉर्चचा उजेड त्यांच्याच बुटांवर पडला.

गेजबाईला हे ऐकून बरं वाटलं, इतकं बरं की डोळे झोंबले. पण तिने मान हलवली. "नाही गं. बाद असेल ते बाद. माझं असलं तरी."

ती गाडीत बसली. तिच्या नेहमीच्या सीटवर नाही, स्टिअरिंगच्या चाकामागे. तिचं लायसन्स लग्नाआधीचं होतं. कारखान्याची जीप तिने शेकडो वेळा चालवली होती. या चाकाला मात्र तिचा हात फक्त पुसण्यापुरता लागला होता. तिने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा ते धरलं.

आणि आवाज आला. टिक टिक टिक टिक, बारीक, एकसारखा, झाकणाखालून.

"बघा!" उस्तादने हात पसरले. "दम नव्हता तो नव्हताच, आता आवाजही आला."

"दादाला हे बिलकुल खपलं नसतं," भावजी पुटपुटले.

"तुमचे दादा असते तर मी टॉर्च धरून उभी असते," गेजबाई म्हणाली. "आता काट्याकडे बघा."

तापमानाचा काटा हळूहळू चढू लागला. मागच्या आठवड्यात तो अर्ध्यावर आला होता आणि इंजिन हिसके देऊन मेलं होतं. काटा पावपर्यंत आला. टिक टिक टिक. काटा अर्ध्याच्या जवळ आला. इंजिनाने एक हिसका दिला. लेकीने दार घट्ट धरलं. पण तो एकच हिसका होता, प्लगवरचं सांडलेलं तेल जळाल्याचा. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्यावर राहिला, आणि इंजिन चालत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. वाल्व वाचला होता.

उस्तादने खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनला लावलं आणि मूठ कानाला. पहिल्या सिलिंडरपासून चौथ्यापर्यंत त्याने सावकाश ऐकलं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस होता, जे ऐकू आलं ते नाकारण्याइतका खोटा नव्हता. "चारी एकसारखे चालतायत," तो म्हणाला. मग थोडं थांबून, मान राखायला, "पण आवाज आहे, ताई."

"फट आहे म्हणून आवाज आहे. जो टॅपेट एकदम गप्प बसतो ना उस्ताद, तो आतून जळत असतो."

टॅपेटबद्दल बोलता बोलता आपण काय बोलून गेलो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. उस्ताद खाली बघत स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. तिने गिअर टाकला आणि बाजूचं दार आतून उघडलं. "बस गं."

लेक बसली. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. गुडघे कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"आई, या सीटला खड्डा पडलाय."

"माझाच आहे. इतकी वर्षं बसून केलेला."

टाकीचा चढ गावाच्या मागच्या बाजूला होता, दोन वळणांचा आणि भलताच उभा. पहिल्या वळणावर गाडी सहज आली. दुसऱ्यावर समोरून दुधाची गाडी उतरत होती, थांबावं लागलं, आणि थांबून पुन्हा निघायचं म्हणजे खरी परीक्षा. ती थांबली. पुन्हा निघाली. पहिला गिअर, मग दुसरा. टिकटिक वाढली, इंजिनाचा सूर खाली गेला. तिने ॲक्सिलरेटर आणखी दाबला नाही, फक्त वाट बघितली, आणि गाडीने खालून कुणी ढकलावं तसा जोर घेतला. टाकीपाशी पोचल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही मोठ्याने हसल्या, अगदी खिडक्या उघडून लोक बघतील इतक्या मोठ्याने.

"दर रविवारी येशील?" गेजबाईने विचारलं.

"तू माझ्याकडे राहायला येणार नाहीस, हे सांगतेयस ना?"

"हो. तेच सांगतेय."

"मग येईन," लेक म्हणाली. "पण परतताना मी चालवणार."

"आज नाही. आज मी."

परत आल्या तेव्हा ट्रक गेलेला होता. उस्ताद पायरीवर थंड झालेला चहा पीत बसला होता, भावजी त्याच्या शेजारी. भावजी उठले. त्यांच्या एका हातात अजून फाइल होती आणि दुसऱ्यात टॉर्च, तो खाली ठेवायचं ते विसरले होते.

"मग वहिनी... सही?"

"आणा ते पेन."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा चमकली. त्यांनी घाईघाईने फॉर्म बाहेर काढला. लेकीने तो त्यांच्या हातातून हळूच घेतला, चौकोनी घडी घातली आणि गळक्या तेलाच्या डब्याखाली सारली. गेजबाई पेन घेऊन शेडमधल्या फळीपाशी गेली आणि तिने नवऱ्याची वही काढली.

शेवटचं भरलेलं पान उघडलं. तिरपी, देखणी अक्षरं. आवाजाच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द. नाही. नाही. नाही. शेवटचा 'नाही' आजारपणातला, थरथरत्या हाताचा, रेघेखाली घसरलेला. त्यावर तिने बोट ठेवलं. तो आत्ता इथे असायला हवा होता, असं तिला फार जोरात वाटलं. टॉर्च धरायला नाही. ऐकायला. आज तिने त्याला ऐकवलं असतं, चार मित्रांच्या देखत, आणि तो रागावला असता, आणि तरी ती बोलली असती.

तिने तारीख लिहिली. किलोमीटर लिहिले. फटीच्या रकान्यात लिहिलं: आठही, पॉइंट तीस.

मग चौथ्या रकान्यात, त्या सगळ्या 'नाही'खाली, ठळक अक्षरात तिने लिहिलं: आहे.

वहीत सहीसाठी रकाना नव्हता. त्याला कधी लागला नव्हता. तिने पट्टी घेऊन पानाच्या कडेला एक रेघ मारली, रकाना केला, आणि त्यात गेजच्या कार्डावर करायची तशी पूर्ण सही केली. शाई वाळेपर्यंत थांबली. मग टोपण लावून पेन भावजींना परत दिलं.